काठोकाठ दोनशे ब्याऐंशी

३ फेब्रुवारी, सोमवार

साडू येऊन गेला. येताना हात हलवत आला, जाताना माझं न वाचलेलं वर्तमानपत्र घेऊन गेला. हा माणूस जुन्या मोटारसायकलींच्या क्लबाचा सेक्रेटरी आहे. शर्टाची बटणं एक घर सोडून लावतो आणि क्लब चालवतो. क्लब कसा चालत असेल ते वेगळं लिहायला नको.

काम होतं. दोन मार्चला क्लबाची टेकडीवर चढायची शर्यत आहे. गाड्यांचे गट इंजिनाच्या सीसीवरून पडतात. अडीचशे सीसीपर्यंतच्या गटात लोक मोठी इंजिनं घुसवतात अशा तक्रारी आल्या, म्हणून यंदा त्या गटातली प्रत्येक गाडी आदल्या दिवशी मोजायची ठरलंय. मोजणी परीक्षक हवाय. म्हणाला, दादा, तुम्ही चौतीस वर्षं वजनमापं तपासलीत, तुमच्याशिवाय आहे कोण?

कोणीच नाही. पण हे त्याला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सुचलं.

लगेच हो म्हटलं नाही. विचार करून सांगतो म्हटलं. तो चपला घालेपर्यंत विचार झाला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीला सांगितलं. आनंद होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला इंजिनातलं काय कळतं?

हे तिने मला विचारलं. जी स्वतः दोन वर्षांची असताना दुधाचं माप डोक्यावर टोपीसारखं घालून फिरायची.

तिची गाडी याच गटात आहे. तीन वर्षं त्या उस्ताद म्हणतात त्या मेकॅनिकच्या गॅरेजात राबून तिने ती भंगारातून उभी केली. शर्यतीला एका मोठ्या रेसिंग टीमचा मॅनेजर येणार आहे. अडीचशेच्या गटातले पहिले तिघे तो चाचणीला बोलावणार. वय सत्तावीसच्या आत हवं अशी अट आहे आणि हिला जूनमध्ये सत्तावीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे सगळं मला बायकोने सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता. म्हणाली, अहो, एवढं जपून करा.

मी आयुष्यात बेजबाबदारपणे काय केलंय ते तिने सांगावं. सांगू लागली, म्हणून मी बाहेर फिरायला गेलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७

संकल्प. एक, क्लबाची नियमपुस्तिका रोज चार पानं. एकूण बत्तीस पानं, आठ दिवसांत फडशा. दोन, सीसी म्हणजे नक्की काय ते मुळापासून समजून घेणे. तीन, कोणाशीही वाद घालायचा नाही. परीक्षकाने वाद घालायचा नसतो, निर्णय द्यायचा असतो.

सायंकाळी ६

चष्म्याची काडी तुटली. नियमपुस्तिका उद्यापासून. वाद एकच झाला, चष्मेवाल्याशी.

९ फेब्रुवारी, रविवार

उस्तादच्या गॅरेजात गेलो. भिंती काळ्या, जमीन काळी, उस्ताद काळपट. हा माणूस इंजिनाला कान लावून सांगतो की काय बिघडलंय. आमच्या खात्यात कोणी तराजूला कान लावला असता तर त्याची बदली झाली असती. पोरगी त्याला काका म्हणते आणि त्याने नुसतं हं केलं तरी वहीत लिहून घेते. माझ्या चौतीस वर्षांतलं एक वाक्य तिने कधी लिहून घेतलं नाही.

तिने मला समजावलं. सिलिंडर म्हणजे उभा गोल डबा. त्यात पिस्टन खालीवर करतो. खालपासून वरपर्यंत जाताना तो जेवढी जागा झाडून काढतो ती त्या इंजिनाची सीसी. डब्याची रुंदी म्हणजे बोअर, पिस्टनच्या चालीची लांबी म्हणजे स्ट्रोक. हिच्या गाडीचा बोअर सात सेंटिमीटर, स्ट्रोक सहा पूर्णांक चार.

एवढ्यासाठी तीन वर्षं लागली? गोल डब्याचं घनफळ मला शाळेपासून येतं. तिथल्या तिथे खडूने फळीवर केलं. सात गुणिले सात, गुणिले तीन पूर्णांक चौदा, गुणिले सहा पूर्णांक चार. उत्तर नऊशे पंच्याऐंशी.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोटची पोर अडीचशेच्या गटात हजार सीसीची गाडी घालत होती! मी तिला एका बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, खरं काय ते बोल.

ती म्हणाली, बाबा, तुम्ही व्यासाचा वर्ग केलात. त्रिज्येचा करायचा असतो. याला चारने भागा.

भागलं. दोनशे सेहेचाळीस.

मी तिला सांगितलं की मी तुझी परीक्षा घेत होतो. उस्ताद खोकला. धूम्रपानाचे परिणाम.

१० फेब्रुवारी, सोमवार

सूत्रांवर माझा विश्वास कधीच नव्हता. एक दोनाने भागायचं राहिलं की चौपट फरक पडतो, असल्या गोष्टीवर शर्यत सोडायची? नियमपुस्तिका उघडली. पहिल्या पानावर साडूचा फोटो आहे. मिटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उस्तादने एक जुना पिस्टन दिला, टेबलावर कागद दाबायला म्हणून. बहुतेक मला गप्प बसवायला दिला. पण मी तो मोजला. हिच्याच मॉडेलचा आहे. रुंदी सात, उंची बरोबर सहा. या वेळी त्रिज्या घेतली. उत्तर दोनशे एकतीस.

म्हणजे हिचं दोनशे सेहेचाळीसही चुकीचं. संध्याकाळी ती आल्यावर सांगितलं. म्हणाली, बाबा, पिस्टनची उंची नाही घ्यायची, तो किती चालतो ते घ्यायचं.

मी म्हटलं, माणूस मोजायचा तर त्याची उंची मोजतात, तो रोज किती फिरतो ते नाही. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बायको म्हणाली, अहो, शिकून घ्या ना तिच्याकडून, काय बिघडतं? बायकोला मी मोठ्या मनाने माफ केलं. तिने जेवायला उशिरा वाढलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज खरा मार्ग सापडला. इतका सोपा की साडूलाही समजेल.

मी चौतीस वर्षं काय केलं? फुटपट्टी घेऊन मापं मोजली? सूत्रं मांडली? नाही. माप घ्यायचं, काठोकाठ भरायचं, काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा. रॉकेलवाला असो की दूधवाला, काठोकाठ भरल्यावर सगळ्यांचा चेहरा सारखाच पडायचा. इंजिन म्हणजे शेवटी एक भांडं. पिस्टन तळाला न्यायचा, प्लगच्या भोकातून तेल ओतायचं, काठापर्यंत किती मावलं तेवढी सीसी. खात्याने निरोप देताना दिलेलं मोजपात्र कपाटातून काढलं. ते पुसताना, खरं सांगायचं तर, जरा भरून आलं. दोन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

दुपारी उस्तादच्या गॅरेजात, भंगारातल्या एका इंजिनावर प्रयोग. रॉकेल ओतलं. शंभर मिलि. दोनशे. तीनशे. चारशे. भरेचना. मी उस्तादला बोलावून सांगितलं की हे इंजिन पाचशेच्या वर आहे, तू भंगारात काय ठेवलंयस ते तुला तरी माहीत आहे का? तो म्हणाला, साहेब, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तुमचं रॉकेल खाली तेलात उतरलं. जाड तेल घ्या.

पहिल्यांदाच उपयोगाचं काहीतरी बोलला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जाड तेलाने जमलं. झडपा बंद, पिस्टन तळाला, काठोकाठ दोनशे दहा. पुन्हा भरलं, दोनशे दहा. तिसऱ्यांदा दोनशे दहा. असं तीनदा एकसारखं आलं की आम्ही खात्यात चहा मागवत असू. उस्तादने मागवला नाही.

मुलगी तिथेच होती. खूश झाली. खरंच झाली, मी बघितलं. म्हणाली, बाबा, हे छान सुचलं तुम्हाला, इंजिन खोलायलाही नको. आता पिस्टन सगळ्यात वर आणा आणि पुन्हा भरा. वर गेल्यावरही हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, थोडी जागा उरते. ती वजा करा.

मी कारण विचारलं. म्हणाली, ती जागा इंजिनात असते, पण पिस्टन ती झाडत नाही. कितीही वर गेला तरी ती तशीच राहते. सीसी म्हणजे तो हलवतो तेवढंच.

तिने करून दाखवलं. वर सव्वीस मावलं. दोनशे दहातून सव्वीस गेले, एकशे चौऱ्याऐंशी. उस्ताद म्हणाला, बरोबर, कंपनीचा आकडा हाच आहे.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे. एकदा एक तेलवाला मला म्हणाला होता की साहेब, तळाचं तेल मापातून कधी बाहेर येतच नाही, तेवढं सोडून मोजा. त्याचं माप मी जागेवर जप्त केलं. भांड्यात जे मावतं ते माप. त्यातून गाळून, वगळून, वजा करून जे उरतं त्याला माप नाही, सबब म्हणतात.

तिला हे आत्ता बोलून दाखवलं नाही. उगाच मन दुखावेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नियमपुस्तिका अठरा पानं वाचून झाली. म्हणजे अठराव्या पानापर्यंत उलटून झाली. हेल्मेट, टायर, दोरखंड, पाण्याची सोय. मोजणीबद्दल शेवटी परिशिष्ट आहे म्हणे. जे मुख्य पुस्तकात लिहायच्या लायकीचं नसतं ते परिशिष्टात ढकलतात, हे मला खात्यातल्या परिपत्रकांवरून माहीत आहे. ते वाचायची गरज वाटत नाही.

मुलीने जेवताना विचारलं, परिशिष्ट वाचलंत ना बाबा? म्हटलं, तोंडपाठ आहे. ती हसली आणि आपल्या ताटातला लाडू माझ्या ताटात ठेवला. लहानपणी ठेवायची तसा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साडूचा फोन. तोही गटात उतरणार आहे, एकशे पंचाहत्तर सीसीच्या खटाऱ्यावर. वय अठ्ठावन्न. म्हणाला, दादा, आम्ही आपली हौस म्हणून. याची हौस म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याला ताप. त्याला बजावून सांगितलं की मोजणीच्या बाबतीत साडू असो, मुलगी असो, सगळे सारखे. तो म्हणाला, अहो, म्हणूनच तर तुम्हाला घेतलं.

प्रथमच त्याने एक अकलेचं वाक्य बोललेलं ऐकलं. तारखेसह नोंद करून ठेवतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सायंकाळी ५

पांढरा शर्ट इस्त्रीला दिला होता, आला. मोजपात्र, नरसाळं, तेलाचे दोन डबे, चिंध्या, शिक्कामोर्तबासाठी तार आणि शिसं. बायको म्हणाली, अहो, लग्नाला निघाल्यासारखी तयारी केलीत. लग्नाला मी एवढी तयारी केली नव्हती. हे तिला सांगितलं नाही.

मुलगी गॅरेजातून लवकर आली. म्हणाली, बाबा, उद्या तुम्ही मोजणार म्हणून मला काळजी नाही. दुसरा कोणी असता तर घाबरले असते.

हे ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१ मार्च, शनिवार. दुपारी ३

मोजणी पूर्ण. माझ्या आयुष्यातली सर्वात स्वच्छ तपासणी.

टेकडीच्या पायथ्याशी तंबू. नऊ गाड्या. पहिलीच गाडी एका दंतवैद्याची. पिस्टन तळाला, झडपा बंद, तेल ओतलं. दोनशे शहाऐंशी. बाद! दंतवैद्य आ वासून बघत राहिला. दुसरी, दोनशे एकोणऐंशी, बाद. तिसरी दोनशे चौऱ्याऐंशी. एकामागून एक चोर सापडत होते. खात्यात असताना मोठ्या बाजारात धाड घातली तरी इतके सापडले नव्हते. मला वाटलं होतं लोक थोडीफार लबाडी करत असतील. इथे तर अख्खा गट सडलेला निघाला.

आरडाओरडा झाला. दंतवैद्य म्हणाला, वरची जागा वजा करा. म्हणजे सबब पाठ करूनच आले होते सगळे. उस्ताद नियमपुस्तिकेचं शेवटचं पान नाचवत आला. मी म्हटलं, माझा वाचायचा चष्मा घरी आहे. तो म्हणाला, साहेब, मी वाचून दाखवतो. मी म्हटलं, ज्याच्या गॅरेजातली गाडी तपासायची त्याच्याकडून मी नियम वाचून घेत नसतो. सेक्रेटरीला विचारा.

सेक्रेटरी म्हणजे साडू. त्याने पान बघितलं, माझ्याकडे बघितलं, रांगेतल्या आपल्या खटाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, परीक्षकांचा निर्णय त्या शर्यतीपुरता अंतिम असतो, लेखी तक्रार तीन दिवसांत करा. माणूस मी समजत होतो त्यापेक्षा खंबीर निघाला.

सातवी गाडी मुलीची. तेल काठाला लागलं. दोनशे ब्याऐंशी. तीनदा भरलं. तीनदा दोनशे ब्याऐंशी.

ती माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, बाबा, वर आणून भरा ना. वजाबाकी राहिलीय.

सगळे बघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की इथे मी तुझा बाबा नाही.

तिने चिंधी घेतली, प्लगपाशी सांडलेलं तेल पुसलं आणि गाडी ढकलत घेऊन गेली. तिलाही मनातून पटलं असणार.

नववी गाडी साडूची. दोनशे. पास.

सायंकाळी ६

घरी मुलगी आलेली नाही. बायकोला मी सगळं सविस्तर सांगितलं. स्वतःच्या मुलीला बाद करणारा परीक्षक किती जणांनी बघितला असेल? बायको म्हणाली, एकानेही नसेल. कौतुकाने म्हणाली असं मी धरतो.

२ मार्च, रविवार

शर्यत झाली. झाली म्हणजे साडूची झाली.

वरच्या गटाच्या नोंदण्या बंद झालेल्या, त्यामुळे आठ बादवाले आपापल्या गाड्यांशेजारी दोराच्या कडेला उभे. अडीचशेच्या गटाचा पुकारा झाला. साडू एकटा निघाला. पहिल्या वळणावर गाडी बंद पडली. उतरला, चार लाथा मारल्या, पुन्हा निघाला. दुसऱ्या वळणावर एक कुत्रा त्याच्याबरोबर धावू लागला. तिसऱ्या वळणावर कुत्रा पुढे गेला. लोक कुत्र्यासाठी टाळ्या वाजवत होते.

टीमचा मॅनेजर पांढरी टोपी घालून खुर्चीत बसला होता. साडू माथ्यावर पोचायच्या आधी तो घड्याळ बघून उठला आणि गाडीत बसून गेला. पहिला क्रमांक साडू. दुसरा, तिसरा रिकामा. साडूने चषक उंचावला तेव्हा मला शोधून हात हलवला. मी दुसरीकडे बघितलं.

मुलगी दोराशी उभी होती. मॅनेजरची गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत होती. मी जवळ जाऊन म्हटलं की नियम म्हणजे नियम, पुढच्या वर्षी लहान इंजिन घाल. म्हणाली, पुढच्या वर्षी मला सत्तावीस पूर्ण झालेली असतील, बाबा.

हे माझ्या लक्षातून गेलं होतं. पण वयाची अट मी केलेली नाही.

३ मार्च, सोमवार

घरात कोणी बोलत नाही. तत्त्वाने वागणाऱ्या माणसाला हे सोसावं लागतं. संकल्प, मूग गिळून बसायचं, खुलासे द्यायचे नाहीत.

बायकोला तीनदा खुलासा दिला.

५ मार्च, बुधवार

आठ जणांची लेखी तक्रार आली. सोबत परिशिष्टाची प्रत, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ. चष्मा होताच. वाचली.

तेल भरून मोजणी केल्यास पिस्टन तळाशी असतानाच्या मापातून पिस्टन माथ्याशी असतानाचं माप वजा करावं, येणारा फरक हीच इंजिनाची सीसी समजावी.

मजकूर ढिसाळ आहे. वजा करावं म्हणजे कोणी करावं? असं असेल तर ते पहिल्या पानावर, साडूच्या फोटोच्या जागी छापायला हवं होतं. दोष संपूर्णपणे छपाईचा. क्लबाला तसं कडक पत्र लिहायला घेतलं. मायना लिहून झाला.

६ मार्च, गुरुवार

पत्राचा मायनाच आहे. पुढे काही सुचलं नाही.

टीमच्या कार्यालयात फोन केला. फोन घेतलेल्या बाईंना सांगितलं की अडीचशेच्या गटाच्या मोजणीत छपाईच्या चुकीमुळे थोडा गोंधळ झालाय, एका मुलीला पुन्हा बघायला हवं. त्यांनी विचारलं, आपण कोण? म्हटलं, मोजणी परीक्षक. पलीकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. मग बाई म्हणाल्या की यंदाच्या चाचणीची नावं दुसऱ्या शर्यतीतून भरली.

मी म्हटलं, मी तिचा बाबा आहे. पण तोवर फोन ठेवला होता.

७ मार्च, शुक्रवार

साडूचं पत्र, क्लबाच्या छापील कागदावर. तक्रारी येतच असतात, दादा, तुम्ही मनावर घेऊ नका. पुढील वर्षासाठी कायम मोजणी परीक्षक म्हणून तुमचं नाव मी सुचवत आहे. खाली टीप, चषक बघायला या.

जगात एकच माणूस माझ्यावर खूश आहे आणि तो हा आहे. पत्र फाडलं. मग चिकटवलं, कारण मागच्या बाजूला बायकोने वाण्याची यादी लिहिली होती.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११

उस्तादच्या गॅरेजात गेलो. तो बाहेर गेला होता, मुलगी बाजारात. हिची गाडी कोपऱ्यात होती. मोजपात्र नेलं होतं.

तळाला, काठोकाठ, दोनशे ब्याऐंशी. मग पिस्टन माथ्यावर आणला. भरलं. छत्तीस. किती थोडंसं तेल ते. वाटीभरही नाही. दोनशे ब्याऐंशीतून छत्तीस. पाटीवर मांडायचीही गरज नव्हती.

पुन्हा भरलं. आकडा बदलेल अशी आशा होती. बदलला नाही.

बाकड्यावर बसलो. वाईट वाटलं. इथे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. तिने मला चार वेळा सांगितलं होतं. चौथ्यांदा तर विनवलं. मला ऐकू आलं होतं आणि कळलंही होतं. तिथे आठ लोक माझ्याकडे बघत होते, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि मला ते सोडवेना.

तेवढ्यात उस्ताद आला. माझ्या हातात मोजपात्र बघितलं. चहा मागवला.

१० मार्च, सोमवार

मुलगी गाडी विकतेय. म्हणाली, आता ठेवून काय करू. घेणारा बाहेरचा आहे, त्याला सीसीचा लेखी दाखला हवा.

मी लगेच कोरा कागद आणला. म्हटलं, दोनशे सेहेचाळीस, मी स्वतः मोजलंय, दोन्ही वेळा भरून, वजा करून. माझ्या अक्षरात लिहून देतो. ती म्हणाली, मला माहीत आहे बाबा, दोनशे सेहेचाळीसच आहे. पण दाखला काकांनी दिलाय.

दाखवला. उस्तादचं अक्षर वेडंवाकडं, पण आकडे बरोबर. बोअर, स्ट्रोक, दोन्ही मापं, फरक. खाली मोजणाऱ्याची सही, त्याची. त्याखाली साक्षीदाराची ओळ मोकळी होती. मी त्या ओळीकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. ती म्हणाली, करा सही, चालेल.

केली. पुढे हुद्दा असा रकाना होता. काय लिहू विचारलं. ती गाडीची कागदपत्रं लावत होती, वर न बघता म्हणाली, काही नका लिहू, बाबा.

रिकामा ठेवला.